बुखारीचा चार्ज

मंडळाच्या अंकासाठी सैनिकी आठवणी लिहा, असा ब्रॅम्पटनहून फोन आला. कसल्या आठवणी, म्हणून विचारलं. पलीकडची ताई म्हणाली, "काका, बॉर्डरवरच्या. काहीतरी थ्रिलिंग." अठ्ठावीस वर्षं नोकरी करून मी सुभेदार म्हणून बाहेर पडलो. थ्रिलिंग गोष्टी माझ्याकडे दोन-तीन आहेत, पण दर गणपतीत सांगून त्या गुळगुळीत झाल्यात. ही तसली नाही. ही कोळशाच्या शेगडीची आहे. अर्धी बर्फातल्या एका पोस्टवर घडली, अर्धी इथं कॅनडात, ऑन्टारिओत. तिच्यात एका माणसाचं नाव अडकलंय. लान्स नायक सोपान भिसे, तालुका माण. एकतीस वर्षांपूर्वी कोर्ट ऑफ इन्क्वायरीसमोर मी त्याच्याबद्दल एक वाक्य बोललो. ते चूक होतं. ते मागं घ्यायचं आहे म्हणून लिहायला बसलो.

तेव्हा मी नायक होतो. पोस्टची उंची बारा हजार फूट. दगड, पत्रा आणि वाळूच्या पोत्यांचा बंकर, त्यात आम्ही पाच जण. मधोमध नाही, आतल्या टोकाला बुखारी. बुखारी म्हणजे पत्र्याची शेगडी, तिचा पाइप छतातून बाहेर जातो. कोळसा खेचरांवर यायचा, मऊ आणि धुरकट. बुखारीचा चार्ज माझ्याकडे होता.

रोज 2100 वाजता मी बुखारी दाबायचो. दाबायची म्हणजे निखाऱ्यांवर कोळशाचा चुरा टाकायचा, त्यावर राख, वरून फळीनं सारखं करायचं आणि हवेचं झाकण बंद. एक ठिणगीसुद्धा दिसता कामा नये. मग आग पहाटेपर्यंत टिकते. हे मला उस्तादानं शिकवलं होतं, आणि मी पुढं निदान पंधरा जणांना शिकवलं. बुखारी एकटी सोडायची नाही असा स्टँडिंग ऑर्डर होता. म्हणून आत एक संतरी बसायचा, दोन-दोन तासांची पाळी. दर अर्ध्या तासाला त्यानं रजिस्टरमध्ये एन्ट्री करायची.

त्या पहाटे 0300 ते 0500 सोपानची पाळी होती. 0510 ला मला जाग आली. डोकं फुटतंय असं वाटत होतं, उलटी झाली. सोपान बुखारीशेजारी जेरीकॅनवर बसलेला. मान छातीवर, मांडीवर पेटता टॉर्च. मी ओरडलो, "भिसे! सो गया क्या?" उत्तर नाही. मी दाराचं ब्लँकेट फाडून काढलं. आम्ही चौघं दाराच्या बाजूला झोपलेलो, म्हणून वाचलो. सोपान गेला होता. चोवीस वर्षांचा होता. घरी दोन वर्षांचा मुलगा.

इन्क्वायरीत मेजरसाहेबांनी रजिस्टर पुढं घेतलं. 0400 ची एन्ट्री स्वच्छ अक्षरात होती. "बुखारी में धप आवाज. पाइप ठीक." 0430 ला फक्त वेळ लिहिलेली आणि पुढं पेनाची एक रेघ, खाली घसरत पानाबाहेर गेलेली. साहेबांनी रेघेवर बोट ठेवलं.

"संतरी सो गया था?"

"जी साब. सो गया था."

मी खोटं बोललो नाही. जे पाहिलं ते सांगितलं. आवाजाच्या एन्ट्रीबद्दल कुणी विचारलं नाही, मीही काही सुचवलं नाही. संतरीनं झोपून बुखारीकडे दुर्लक्ष केलं, पाइप निसटला, गॅस झाला, असं कागदावर आलं. पलटणीतली बातमी सुट्टीवर जाणाऱ्या माणसाबरोबर गावी पोचते. सोपानच्या गावीही पोचली. गावच्या कमानीवर त्याचं नाव घालायचं ठरलं होतं, ते मागं पडलं. ड्यूटीवर झोपलेल्याचं नाव कशाला, असं कुणीतरी म्हणालं म्हणे. मी त्याच्या घरी कधी गेलो नाही. रागच होता मला त्याचा. त्याच्या झोपेपायी आम्ही चौघं मेलो असतो, असं मी बरीच वर्षं सगळ्यांना सांगत आलो.

आता इथलं. माझा मुलगा अमोल सॉफ्टवेअरमध्ये आहे. रिचमंड हिलला कॉन्डोत राहायचा. घरून काम सुरू झाल्यावर त्यानं तिथून दोन तास उत्तरेला जुनं फार्महाउस घेतलं. मी आणि माझी बायको शालन गेल्या ऑक्टोबरात सुपर व्हिसावर आलो. घर मोठं, पण भिंतींतून वारा आत येतो. प्रोपेन गॅसवर घर तापवणारा फर्नेस आहे, त्याचा काही घराला पत्ता लागत नाही. बेसमेंटमध्ये मात्र आधीच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं ठेवून दिलेली कोळशाची स्टोव्ह होती. बिडाची, कमरेएवढी, पुढं काचेचं दार, खाली राखेचा ट्रे, वर चिमणीत जाणारा पाइप. पाहिल्याबरोबर मी म्हणालो, बुखारी.

अमोल तिला हात लावायला भ्यायचा. "बाबा, व्हिडिओ बघून करू," म्हणाला. मी म्हणालो, "व्हिडिओ तू बघ. चार्ज माझा."

इथला कोळसा चाळीस पाउंडांच्या बॅगेत येतो. काचेसारखा चकचकीत आणि दगडासारखा कडक. 0600 ला जाळी हलवून राख पाडायची, ट्रे रिकामा करायचा, कोळसा भरायचा. 1400 ला पुन्हा. 2000 ला दाबायची. डॉलर स्टोअरमधून वही आणून मी रजिस्टर सुरू केलं. नात ईरा आठ वर्षांची, तिनं त्याला 'आजोबाज् होमवर्क' असं नाव ठेवलं. घर उबदार झालं. सून केतकीसुद्धा घरात स्वेटर घालेनाशी झाली. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पेन्शन घेणाऱ्या माणसाला कुणी चार्ज देत नाही.

डिसेंबरात केतकीचे वडील आले. मधुकरराव ढोमणे, चंद्रपूरकडचे. औष्णिक वीज केंद्रात चौतीस वर्षं बॉयलरवर इंजिनियर. पत्नी वारलेल्या. चार महिन्यांसाठी पोरीच्या घरी आले होते आणि त्याचंच त्यांना मोठं अवघडलेपण. चहासुद्धा मागून घ्यायचे नाहीत. मी म्हणायचो, "ढोमणेसाहेब, घ्या की." ते म्हणायचे, "घेतो ना सुभेदारसाहेब, घेतो." आणि घ्यायचे नाहीत.

पहिल्याच दिवशी मी त्यांना बेसमेंट दाखवलं. हात मागं बांधून ते स्टोव्हपुढं उभे राहिले. आत वाकून पाहिलं, पाइपकडे पाहिलं, मी दाबलेल्या आगीकडे जास्त वेळ पाहिलं. म्हणाले, "चांगली आहे." बस. चौतीस वर्षं कोळशात काढलेला माणूस आणि दोनच शब्द? तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. जो माणूस तपासणी करतो आणि शेरा देत नाही, तो शेरा दुसरीकडे देणार असतो. पलटणीत मी असे इन्स्पेक्शनवाले पुष्कळ पाहिले होते.

चार दिवसांनी सकाळी ट्रेमध्ये राख जास्त आली. कोळसा माझ्या हिशेबापेक्षा लवकर जळाला होता. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर मी सपाट दाबलेल्या थरात पुढच्या बाजूला मुठीएवढं भोक. आपोआप पडलेलं नाही, सळईनं उकरलेलं. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, "0600. छेडछाड."

संध्याकाळी दाबून झाल्यावर मी दाराच्या कडीला शालनच्या शिवणाचा काळा दोरा बांधला. सकाळी दोरा तुटलेला.

"अमोल, तू खाली गेला होतास?"

"नाही बाबा. मीटिंग होती."

"केतकी?"

"मी कशाला जाऊ, बाबा? मला त्या स्टोव्हची भीतीच वाटते."

हे तिनं ज्या सुरात म्हटलं तेही मी नोंदवून ठेवलं. तिला पहिल्यापासून स्टोव्ह नको होती. वडील बॉयलरचे इंजिनियर. बापलेक मिळून माझी आग रोज लवकर संपवणार, मग अमोलला म्हणणार, बघ, तुझ्या वडिलांना जमत नाही, फर्नेसच बरा. मला सगळा प्लॅन दिसायला लागला. जेवताना ढोमणे ताटात मान घालून बसले की मला वाटायचं, नजर चुकवतोय. वर मान करून हसले की वाटायचं, आता का हसला?

शालन म्हणाली, "अहो, व्याह्यावर पहारा ठेवताय? जगात कुणी केलंय का असं?"

"तू मध्ये पडू नकोस."

"पडत नाही. पण सांगून ठेवते, तोंडावर पडाल."

त्याच संध्याकाळी 2000 ला मी आग दाबली, दिवा बंद केला आणि डीप फ्रीझरमागं स्टुलावर बसलो. 2020 ला जिना वाजला. कानटोपी घातलेले ढोमणे मोज्यांतच खाली आले. दार उघडलं, सळई घेतली, पुढच्या बाजूला भोक पाडलं. मग गुडघ्यावर बसून त्या भोकात निळी ज्योत येईपर्यंत पाहत राहिले. ज्योत आली तसं दार लावलं.

मी दिवा लावला. "काय ढोमणेसाहेब?"

बिचारे असे दचकले की सळई हातातून पडली.

"काही नाही, काही नाही. हात शेकून राहिलो होतो जरासा."

"हात शेकायला वर हीटर नाही?"

"आहे ना. चुकलं माझं, सुभेदारसाहेब."

खोटं बोलला. माझ्या तोंडावर खोटं बोलला. आगीजवळ हात नेला नव्हता त्यानं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्याही म्हणून शिव्या घातल्या नाहीत एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेसमेंटच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला लावली. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर म्हणालो, "आजपासून खाली कुणी जायचं नाही. ज्याला हात शेकायचे त्यानं मला सांगावं." केतकीचा चेहरा उतरला. ढोमणे उठून खोलीत गेले. त्या वेळी मला बरं वाटलं.

त्या संध्याकाळी 2040 ला खालून आवाज आला. धप्प. गादी जमिनीवर टाकावी तसा. मी पळत गेलो. स्टोव्हचं दार बंद, आग दाबलेली, पाइप जागेवर. कुलूप शाबूत होतं. मग आवाज आला कुठून? ढोमणे येण्याआधी कधीतरी बारीकसा यायचा, तो मी जुन्या घराचा धरला होता. वर ढोमण्यांची खोली बेसमेंटच्या बरोबर डोक्यावर. मी ठरवून टाकलं, हा माणूस रागानं पाय आपटतोय. पुढच्या दोन्ही संध्याकाळी तसाच आवाज झाला. मी दोन्ही वेळा पाइपला हात लावून पाहिला, तो कोपराजवळ जरासा हलत होता. ढोमण्यांच्या पाय आपटण्यानं, असं मी मनात म्हटलं आणि एन्ट्री केली.

चौथ्या दिवशी फ्रीझिंग रेन आला. पाऊस पडतो आणि पडल्या जागी गोठतो. झाडांच्या फांद्या, तारा, गाडी, सगळ्यावर बोटभर बर्फाचं कवच. अमोल आदल्या दिवशी ऑफिसला टोरंटोत गेलेला, तो तिकडेच अडकला. 0915 ला लाइट गेली. फर्नेसचा पंखा विजेवर चालतो, त्यामुळे तो बंद. बाहेर उणे चौदा. दुपारी बारापर्यंत वरच्या मजल्यावर बोलताना तोंडातून वाफ यायला लागली.

मी कुलूप काढलं आणि सगळ्यांना खाली फॉल इन केलं. शालन, केतकी, ईरा, ढोमणे आणि मी. गाद्या, ब्लँकेट, पाण्याचे कॅन खाली आणले. अमोलचा फोन आला. "बाबा, रोड क्लोज्ड आहे. उद्यापर्यंत तरी."

"काळजी करू नको. इथं सगळं माझ्या कंट्रोलमध्ये आहे."

कोळशाच्या फक्त सहा बॅगा उरल्या होत्या. किती दिवस काढायचे ठाऊक नाही. 1400 ला मी ठरवलं, आग दाबायची. ऊब कमी मिळेल, पण कोळसा टिकेल. मी चुरा टाकला, राख टाकली, फावड्यानं थर सपाट करायला लागलो.

ढोमणे मागून म्हणाले, "सुभेदारसाहेब, एक सांगू का? पूर्ण झाकू नका. थोडी ज्योत उघडी राहू द्या."

सगळं घर ऐकत होतं. मी मागं न बघता म्हणालो, "चार्ज माझ्याकडे आहे, ढोमणेसाहेब."

"हो ना, तुमच्याकडेच आहे. मी फक्त..."

"आपल्या कारखान्यात आपण काय केलं ते इथं नको."

केतकी वडिलांना म्हणाली, "बाबा, राहू द्या ना." ते मागं सरकले. मी दार लावलं आणि हवा बंद केली. पाच मिनिटांनी पाहिलं तर ते जिन्याजवळ उभे. ईराला म्हणाले, "बेटा, तू अशी इकडे सरक. दाराकडे ये." मला वाटलं, आता पोरीलाही फितवतो.

1425 ला धप्प झालं. या वेळी लहान नव्हता आवाज. स्टोव्हचं दार सताड उघडलं, निखारे आणि राख बाहेर फेकली गेली, पाइपचा कोपरा चिमणीतून निसटून खाली लोंबला. खोलीत धूर कोंडला. भिंतीवरचा सीओचा, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड गॅसचा, अलार्म किंचाळायला लागला.

"बाहेर! सगळे बाहेर! सामान सोडा!"

मी ईराला काखेत घेतलं. तिच्यामागं शालन, मग केतकी. वर आलो, स्वयंपाकघराच्या दारातून अंगणात. बर्फावर पाय ठरत नव्हता. गाडीजवळ मी रोल कॉल घेतला. शालन. केतकी. ईरा. मी. चार.

"ढोमणे कुठायत?"

ईरा रडत म्हणाली, "नाना वेंट बॅक. ही सेड द कार्पेट इज बर्निंग."

केतकी घराकडे पळाली. मी तिचा दंड धरला. "तू इथंच. नाइन वन वन लाव. हा ऑर्डर आहे." शालनला म्हणालो, "दार धरून उभी राहा. आत पाऊल टाकायचं नाही." मफलर बर्फात घोळवून तोंडाला बांधला, श्वास भरून घेतला आणि आत गेलो.

गालिचा विझला होता, त्यावर पाण्याचा कॅन उपडा पडलेला. स्टोव्हचं दार कुणीतरी लावलं होतं. पाइपमधून धूर येतच होता. ढोमणे जिन्याच्या खालून तिसऱ्या पायरीवर बसले होते. मान छातीवर, मांडीवर पेटता टॉर्च.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते तसंच लिहितो. मला वाटलं, हा माणूस झोपलाय काय?

"ढोमणे! उठा! ढोमणे, उठा!"

मान हलली नाही. बोट हललं नाही. हे दृश्य मी पाहिलेलं होतं, अगदी हेच, मान तशीच आणि टॉर्चही तसाच. क्षणभर मला कळेना मी बेसमेंटमध्ये आहे की बंकरमध्ये. मग काखेत हात घातले आणि ओढायला लागलो. अकरा पायऱ्या. सातव्या पायरीवर माझा दम संपला. आठवीवर शालन आली, ऑर्डर मोडून. तिनं त्यांचे पाय उचलले. मी अठ्ठावीस वर्षांत इतक्या आनंदानं कुणाची हुकूमअदुली पाहिली नाही.

1450 ला फायर ट्रक आला, गावातलेच व्हॉलंटियर. टायरना साखळ्या बांधल्या होत्या. एकानं ढोमण्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरला, दुसरा मीटर घेऊन आत गेला. रेडिओवर बोलणं चाललं होतं.

"फाइव्ह आउट. वन पेशंट, ब्रीदिंग. हाय सीओ इन द बेसमेंट."

"कॉपी. ऑल अकाउंटेड फॉर?"

"ऑल अकाउंटेड फॉर."

त्यांच्या कॅप्टननं मला विचारलं, आग पूर्ण झाकली होती का? मी हो म्हणालो. त्यानं मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं.

हॉस्पिटलमध्ये संध्याकाळी मी ढोमण्यांच्या कॉटशेजारी बसलो होतो. केतकी ईराला घेऊन बाहेर गेलेली. त्यांनी मास्क बाजूला केला.

"सुभेदारसाहेब, तुम्ही ओरडून राहिले होते ना, ढोमणे उठा, ढोमणे उठा?"

"मास्क लावा. नंतर बोलू."

"नाही बाप्पा, ऐका. मला सगळं ऐकू येत होतं. तुमचा जिना उतरल्याचा आवाज, ते ओरडणं, सगळं. मी जागाच होतो. हात उचलेना. म्हटलं, टॉर्च तरी हलवावा. बोटच हलेना."

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

"आणि ते भोक?" मी विचारलं.

"कोळसा पूर्ण झाकला ना, की त्याच्यातून गॅस निघतो आणि जळायला ज्योत नसते. साठत जातो वरच्या जागेत. मग कुठून ठिणगी लागली की धप्प. बॉयलरमध्ये आम्ही याच्यासाठी किती जपायचो! दर धप्प्याला पाइप थोडा थोडा सैल होतो. एक ज्योत उघडी ठेवली की गॅस जळत राहतो. एवढंच करून राहिलो होतो मी."

"मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? हात शेकतोय म्हणून खोटं का बोललात?"

ते छताकडे पाहत म्हणाले, "तुम्ही मुलाकडचे. मी पोरीच्या घरी पाहुणा. व्याह्याच्या कामात चूक काढली तर उद्या पोरीला ऐकावं लागते. म्हटलं, गुपचूप भोक पाडून येतो. कोणाचं काय जाते?"

मी त्यांचे पाय धरले. ते "अहो, अहो" करत राहिले. त्या माणसानं माझ्या नातीला दाराकडे सरकवलं होतं आणि मी त्याच्यावर पहारा ठेवला होता. लाज वाटली, म्हणजे कशी वाटली ते लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी लाइट आली, अमोल आला. सगळे झोपले तरी मी दुपारभर बेसमेंटमध्ये बसून होतो, खिडक्या उघड्या टाकून. राखेत पडलेलं माझं रजिस्टर उचललं. माझीच एन्ट्री समोर आली. "2040. धप्प आवाज. पाइप ठीक."

हे शब्द माझे नव्हते. हे मी आधी वाचले होते, एकतीस वर्षांपूर्वी, सोपानच्या अक्षरात. त्या पहाटे 0400 ला त्यानं आवाज ऐकला, उठला, पाइप तपासला, बसून एन्ट्री केली. झोपणारा माणूस हे करतो? आणि 0430 ला त्यानं वेळ लिहिली. नंतर हात चालेना. पेन घसरलं. आम्ही सगळे त्या रेघेकडे पाहून म्हणालो, डुलकी लागली. त्याचे डोळे उघडे असतील, कान उघडे असतील. मी पाच हातांवर घोरत होतो ते त्याला ऐकू येत असेल. हाक मारायला तोंड उघडलं नसेल. आणि 0510 ला मी ओरडलो, सो गया क्या, तेव्हा तो होता की गेला होता, हे मला कधीच कळणार नाही. त्या रात्री बुखारी सपाट कुणी दाबली होती? मी. एक ठिणगी दिसू नये अशी. पाइप ज्यानं सैल झाला तो गॅस माझ्या हातानं साठला. मी सोपानला मारलं असं कोर्ट म्हणणार नाही, मला तसंच शिकवलं होतं. पण त्याचं नाव मी बुडवलं, आणि ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी तिथं बसून रडलो. शालन जिन्यावर येऊन उभी राहिली आणि परत गेली.

आता स्टोव्हचा चार्ज ढोमणेसाहेबांकडे आहे. पाइपला प्रत्येक जोडावर तीन-तीन स्क्रू मारून घेतलेत. मी राख काढतो आणि ते सांगतील तेवढाच कोळसा टाकतो. सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसला मी तीन पानांचं स्टेटमेंट रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं. उत्तर आलेलं नाही. ज्यांना मी बुखारी दाबायला शिकवली त्यांच्यातले नऊ जण फोनवर सापडले. त्यांना सांगितलं. एकजण म्हणाला, "साहेब, आता कुठली बुखारी? घरात एसी आहे." तरी सांगितलं.

सोपानच्या घरचा नंबर मिळायला बारा दिवस लागले. इथं सकाळी साडेसात, तिकडे संध्याकाळ. त्याची बायको हिराबाई फोनवर आली.

"वहिनी, मी मोहिते बोलतोय. सोपानच्या पोस्टवर नायक होतो."

"कोन मोहिते? ज्यांनी साक्ष दिली त्ये?"

"तोच."

मी सगळं सांगितलं, बुखारी दाबल्यापासून पेनाच्या रेघेपर्यंत. काही गाळलं नाही. मधे एकदा वाटलं फोन कट झाला.

"ऐकताय ना?"

"ऐकतीया," ती म्हणाली. "हे म्हातारीला सांगाया पायजे हुतं. शेवटपतूर म्हनायची, माझा सोपान कामावर झोपायचा न्हाय. लोक म्हनायचे, आईला काय, तसंच वाटणार. आता तिला जाऊन सात वर्सं झाली." मग म्हणाली, "पोराला देते. त्याला सांगा तुमीच. बापाचं नाव काढलं की उठून जातो त्यो."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला.

"बोला," त्यानं म्हटलं. आवाज जड, तेहतीस वर्षांच्या माणसाचा. मला सोपानचा आवाज आठवत नव्हता, तो त्या क्षणी आठवला. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

"तुझे वडील ड्यूटीवर झोपले नव्हते. ते जागे होते. चूक माझी होती, आणि साक्षही चुकीची दिली."

मागं कुठंतरी माणसांची बोलणी ऐकू येत होती, भांड्यांचा आवाज. मग तो म्हणाला, "थांबा जरा." आणि फोनपासून तोंड बाजूला घेऊन कुणाला तरी मोठ्यानं म्हणाला, "ये, गप बसा सगळे. बाहेर कोन कोन हाय त्यांना आत बोलवा."

पुन्हा मला म्हणाला, "आज घरी जेवणं हायत. सरपंच हायत, भावकी हाय. फोन स्पीकरवर टाकलाय. आता म्हना. पहिल्यापासून म्हना."

मी पहिल्यापासून म्हटलं. लान्स नायक सोपान भिसे. पाळी 0300 ते 0500. 0400 ला आवाज ऐकला, उठून पाइप तपासला, एन्ट्री केली. 0430 ला एन्ट्री करताना गॅसनं हात गेला. संतरी जागा होता.